घाट उतरल्यावर

(दृश्य : चिपळूण, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं एक छोटं गॅरेज. सकाळ.)

पाटणकडून आलेला तरुण मोटारसायकल ढकलतच आत आणतो. "मिस्त्री, शेवटच्या वळणावर पुढच्या ब्रेकचा लिव्हर पार मुठीला टेकला. ब्रेकच लागेना. आता बघा, परत लागतोय थोडा."

हे 'परत लागतोय' फार फसवं असतं. अनेक जण इथूनच माघारी फिरतात, आणि पुढच्या घाटात पुन्हा तेच होतं.

लिव्हर दाबला की त्याच्या शेजारच्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइल ढकलतो. ऑइल दबत नाही, म्हणून बोटांचा जोर पाइपातून थेट चाकापाशी बसवलेल्या कॅलिपरपर्यंत जातो आणि त्यातले पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला आवळतात. पण हवा दबते. वाटेत बुडबुडा असला तर सगळा जोर तोच गिळतो.

मग इथे बुडबुडा आला कुठून? गळती तर कुठेच नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत पाण्याला काय तोटा! नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं, की तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटभर ब्रेक दाबून धरला, पॅडची धग कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत गेली आणि पाण्याची वाफ झाली. गाडी थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी झालं. लिव्हर परत आला, दोष मात्र आतच राहिला.

(दृश्य : टाकीवर आणि मडगार्डवर जाड फडकं.)

हे ऑइल रंग खातं. थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवायचा. पॅडवर किंवा डिस्कवर तर तो पडूच द्यायचा नाही.

मिस्त्री हँडल असं वळवतात की ऑइलची डबी आडवी, समपातळीत येईल. झाकण उघडल्यावर आत चहासारखं काळपट ऑइल दिसतं. ते काढून सीलबंद बाटलीतलं नवं भरतात. मग कॅलिपरच्या निप्पलवर, म्हणजे ऑइल बाहेर सोडायच्या तोटीवर, आधी आठ नंबरचा रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, आणि नळीचं टोक दुसऱ्या बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

"पंप मार. हळू... धर. सोडू नको."

लिव्हरवर हाताखालचा पोरगा आहे. मिस्त्री निप्पल पाव आटा ढिला करतात, नळीतून काळं ऑइल धावतं आणि लिव्हर खाली जातो. निप्पल बंद होतं, मगच "सोड." हा क्रम चुकला, तर लिव्हर माघारी येताना बाहेरची हवा आत ओढतो.

पंप हळूच का? घाईने मारला, तर मोठ्या बुडबुड्याचे बारीक बुडबुडे होतात आणि ते ऑइलमध्ये रेंगाळतात. जुन्या गाडीत लिव्हर पार टोकापर्यंतही नेत नाहीत. पिस्टनचं रबर रोजच्या वाटेपलीकडच्या खरबरीत भागावर घासून फाटू शकतं.

आणि एक नजर सतत डबीवर. ऑइल खालच्या खुणेखाली गेलं की वरून हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

(दृश्य : नळी अगदी जवळून. काळं, मग पिवळसर. एक बुडबुडा. मग एकही नाही.)

तरी लिव्हर अजून किंचित मऊ आहे. हवा वर चढते, आणि मास्टर सिलिंडरपाशी पाइप जिथे बोल्टने जोडलाय, तो कोपरा सगळ्यात उंच. मिस्त्री तिथे पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकतात आणि लिव्हर अगदी थोडा थोडा हलवतात. डबीत टाचणीच्या डोक्याएवढे दोन बुडबुडे वर येतात.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत हवा एबीएस युनिटमध्येही अडकू शकते. काही मॉडेल्सना तेव्हा कंपनीचं स्कॅनिंग मशीनच जोडावं लागतं. या गाडीला एबीएस नाही.

निप्पल घट्ट. डबीचं झाकण बंद. मिस्त्री लिव्हर पूर्ण जोराने दाबून मिनिटभर धरून ठेवतात. जोडावर कुठे ओल येते का, पोरगा वाकून बघतो.

"कोरडं आहे, काका."

मिस्त्री लिव्हर सोडतात आणि तरुणाला पुढे बोलावतात. "आता तू दाब."

(दृश्य : दोन बोटं. लिव्हर अर्ध्या वाटेवर थांबतो.)