पन्नास लिटर आणि एक समुद्र

[दृश्य: सिएरा नेवाडाच्या उतारावर वितळणारा बर्फ. खाली ओढ्याचा खळखळाट.]

हा बर्फ नीट बघा. कॅलिफोर्नियाच्या पाण्यातला साधारण 30 टक्के वाटा या डोंगरांवरून येतो. हिवाळ्यात साठतो आणि उन्हाळ्यात, नेमकी शेताला तहान लागते तेव्हा, हळूहळू खाली उतरतो. धरणाचंच काम, फक्त कुणी बांधलेलं नाही.

1980 च्या दशकात पीटर ग्लिक कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात या बर्फाचं गणित मांडत होते. येल विद्यापीठात अभियांत्रिकी झालेली, आता पीएचडी चाललेली. त्यांनी सॅक्रामेंटो नदीचं खोरं संगणकावर उभं केलं आणि तापमान वाढवून पाहिलं. उत्तर धक्का देणारं होतं. एकूण पाऊस फारसा बदलला नाही तरी बर्फ कमी साठेल, नद्या हिवाळ्यात फुगतील आणि उन्हाळ्यात ओसरतील. पाणी येईल, पण गरज नसताना.

1986 साली प्रबंध पूर्ण झाला. तो कपाटात ठेवून प्राध्यापकी करता आली असती. पण पुढच्याच वर्षी सहकाऱ्यांसोबत त्यांनी पॅसिफिक इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था सुरू केली. मला या प्रवासातलं हे वळण सगळ्यात मोलाचं वाटतं. नदीचं भविष्य कळलेला माणूस, पाण्याचा निर्णय घेणाऱ्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

[दृश्य: न्हाणीघर. नळाखाली बादली भरते आहे.]

1996 साली त्यांनी एक साधा प्रश्न घेतला. माणसाला दिवसाला किमान किती पाणी लागतं? पिण्याला 5 लिटर, स्वयंपाकाला 10, अंघोळीला 15, शौच आणि स्वच्छतेला 20. एकूण 50 लिटर. आपल्या घरातल्या जेमतेम तीन बादल्या. टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला हा हिशोब कुणी शिकवावा लागत नाही. सरकारी कागदावर मात्र तो यावा लागतो. 28 जुलै 2010 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. या किमान गरजेची चर्चा त्याआधी कितीतरी वर्षं चालू होती.

[दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. रेल्वेच्या टाक्या.]

आता समुद्राकडे, म्हणजे त्याचं खारं पाणी गोडं करण्याकडे. पण वाटेत कोअलिंगा लागतं. कॅलिफोर्नियातलं हे छोटं गाव. जमिनीखालचं पाणी इतकं मचूळ की पिण्याचं पाणी रेल्वेनं यायचं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला गेलेली पाणीगाडी ज्यांनी पाहिली, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. त्याच कोअलिंगात 1965 साली आरओचा, म्हणजे दाब देऊन पाणी पडद्यातून गाळण्याचा, प्रकल्प सुरू झाला. आज आपल्या ओट्यावर टांगलेल्या आरओचा हा पूर्वज.

त्यामागचा पडदा सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात घडवला. सेल्युलोज अॅसिटेटचा पातळ पापुद्रा. गंमत अशी की एक बाजू खाऱ्या पाण्याकडे ठेवली तर मीठ अडायचं, उलटा ठेवला की नाही. दुधावर साय धरावी तसा एका बाजूला अगदी पातळ, दाट थर होता आणि खाली सच्छिद्र भाग. मीठ अडवायची ती साय. पडदा पातळ तितकं पाणी लवकर सुटतं, हे इथे हाती लागलं.

तरी समुद्र सोपा नाही. एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम मीठ. ते अडवून पाणी पलीकडे ढकलायला हवेच्या दाबाच्या साठेक पट जोर लागतो. हजार लिटरला 3 ते 4 युनिट वीज. आणि आत घेतलेल्या पाण्यातलं जवळपास निम्मं, दुप्पट खारं होऊन परत जातं.

[दृश्य: सांता बार्बराचा किनारा.]

कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा शहरानं 1990 च्या सुमारास दुष्काळाच्या धास्तीनं 3 कोटी 40 लाख डॉलर खर्चून समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प उभारला. पाऊस आला आणि तो बंद पडला. पुन्हा सुरू झाला तो 2017 साली, पुढच्या दुष्काळात, नव्यानं खर्च करून.

2006 साली हेदर कूली, ग्लिक आणि गॅरी वुल्फ यांनी कॅलिफोर्नियात तेव्हा मांडलेल्या वीसहून जास्त प्रकल्पांची छाननी केली. त्यांचा विरोध तंत्राला नव्हता. बचत, गळती रोखणं, सांडपाण्याचा पुनर्वापर स्वस्त पडत असताना आधी समुद्राकडे धावू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. पुढे 2015 साली सॅन डिएगोजवळ कार्ल्सबादचा मोठा प्रकल्प सुरू झाला, रोज सुमारे 19 कोटी लिटरचा. हंटिंग्टन बीचचा तेवढाच मोठा प्रस्ताव 2022 साली किनारा आयोगानं एकमतानं फेटाळला.

[दृश्य: मनोरी. पहाटे होड्या निघताहेत.]

मुंबई महापालिकेनं मनोरीला आखलेला प्रकल्प पहिल्या टप्प्यात रोज 20 कोटी लिटरचा आहे. जवळजवळ कार्ल्सबादएवढा. शहराला रोज लागणाऱ्या पाण्याचा साधारण विसावा हिस्सा. वरच्याच हिशोबानं रोजची 6 ते 8 लाख युनिट वीज, आणि जवळपास तेवढंच दुप्पट खारं पाणी परत समुद्रात.

ते पाणी किनाऱ्यापासून किती दूर आणि किती खोल सोडणार, हे या होड्यांवरच्या माणसांना नकाशावर बोट ठेवून दाखवायला हवं.