रबराच्या पिळावर उडणारे लढाऊ विमान

पडद्यावर दिसणारे हे स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाची छोटी प्रतिकृती. ती पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अवघे 40 सेंटिमीटर भरते आणि रबरासकट तिचे वजन 25 ग्रॅमच्या आसपास आहे. तिच्यात इंजिन नाही, बॅटरी नाही. आहे तो पोटातून नाकापासून शेपटीपर्यंत गेलेला, नाकावरचा पंखा फिरवणारा रबराचा पीळ. अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने 1871 साली पॅरिसमध्ये अशाच पिळावर आपले छोटे विमान 11 सेकंद हवेत ठेवले होते.

लढाऊ विमानाची प्रतिकृती उडवणे मात्र अवघड असते. रबराचा बराचसा भार मागे पडतो, नाक आखूड असते, आणि शेपटीत वाढलेल्या एका ग्रॅमसाठी नाकात दोन-तीन ग्रॅम माती भरावी लागते. म्हणून खरी कारागिरी शेपटीत दिसते. बाल्सा या हलक्या लाकडाच्या एकाच मापाच्या दोन पट्ट्यांपैकी एक दुसरीच्या दुप्पट वजनाची निघू शकते. त्यातली हलकी शेपटीसाठी राखून ठेवायची आणि टणक पट्टी रबराचा ताण सोसणाऱ्या सांगाड्याला द्यायची. (दुसऱ्या महायुद्धातल्या खऱ्या मॉस्किटो विमानाच्या सांगाड्यातही प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्साच होते.)

सांगाड्यावर चिकटवलेला टिश्यू कागद सुरुवातीला सुरकुतलेला दिसतो. त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारला की तो आधी लोंबतो आणि वाळता वाळता ढोलाच्या कातड्यासारखा ताणला जातो. हाच ताण नाजूक शेपटीला पीळ पाडतो, त्यामुळे ती वाळेपर्यंत फळीवर टाचण्यांनी दाबून ठेवणे भाग असते.

आता एकाने विमान घट्ट धरले आहे. दुसऱ्याने तेल चोळलेले रबर मूळ लांबीच्या चौपट ताणले असून, हातयंत्राने पीळ देत तो एकेक पाऊल जवळ येतो आहे. रबरावर गाठींची पहिली रांग उमटते, मग तिच्यावर दुसरी. सुटल्यावर पहिल्या काही सेकंदांत या पिळाचा जोर सर्वाधिक असतो आणि तो विमानाला डावीकडे कलंडवतो. त्यावर उतारा म्हणून पंख्याचा अक्ष किंचित उजवीकडे आणि खाली वळवलेला असतो.

विमान हातातून सुटते, डावीकडे वळत चढते, जरा जास्तच कलते, सावरते आणि पंखा थंडावल्यावर तरंगत गवतात उतरते. पंख्याचा अक्ष आणखी थोडा वळवण्यासाठी पुढच्या उड्डाणाआधी नाकाच्या ठोकळ्यामागे कागदाची आणखी एक घडी सरकवावी लागणार आहे.