मामीचा चकलीचा साबण

नमस्कार, श्रोतेहो. साबण कसा तयार होतो, हे सांगायला आलोय. पण आधी मामीची गोष्ट.

पंचवटीतला वाडा. दिवाळी सरलेली, तळणीचं किलोभर तेल उरलेलं. तेव्हा घाण्याचं शेंगदाणा तेल असायचं. रिफाइंडमधली चकली मला अजूनही चकली वाटत नाही, असो. मामी म्हणाली, टाकायचं कशाला, साबण करू. रविवार कारंजावरून कॉस्टिक सोडा आणला. मोकळं पातेलं एकच होतं, ॲल्युमिनियमचं. त्यात पाणी घेतलं, सोडा टाकला, आणि पातेलं फसफसायला लागलं! पाणी कढत, फेस काठापर्यंत, घशात ठसका. आजी ओसरीवरून ओरडली, "अगं, चूल विझव आधी!" आजीला हायड्रोजन ठाऊक नव्हता, पण म्हणणं अचूक होतं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि तो पेट घेतो. दुसऱ्या दिवशी पातेलं उन्हात धरलं, तर बुडातून उजेड दिसत होता.

तेव्हा भांडं स्टीलचंच. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. आणि पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. परत सांगतो, पाण्यात सोडा, तोही थोडा थोडा.

आता रसायनशास्त्र, झटपट. तेलाच्या एका रेणूत एका ग्लिसरीनला तीन मेदाम्लं चिकटलेली असतात. सोडा ती सोडवतो. तीन मेदाम्लांचे तीन साबण होतात, ग्लिसरीन सुटं पडतं. तेलाची ही घडण फ्रान्सच्या शेव्रल यांनी उलगडली, १८२३ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. गृहस्थ १०२ वर्षं जगले! कारखान्यात हे ग्लिसरीन बहुतेकदा काढून घेतात, घरच्या वडीत ते राहतं. म्हणून मला घरची वडी आवडते.

मामीनं दुसऱ्यांदा स्टीलचं पातेलं घेतलं आणि सोडा तागडीत तोलला. किलोभर शेंगदाणा तेलाला १३५ ग्रॅमच्या आसपास सोडा पुरतो. जास्त झाला तर तो वडीत उरतो आणि कातडी सोलवटते. तोलूनच घ्या, चमच्यानं नको. पिठल्याइतकं दाट होईस्तोवर घोटलं, लाकडी खोक्यात ओतलं, वड्या पाडून महिनाभर फळीवर ठेवल्या.

साबण उत्तम झाला. फक्त मामांच्या सदऱ्याला भाजणीचा वास यायचा, आणि कचेरीत जो तो विचारायचा, "आज डब्यात चकली का हो?"