भाजीवालीचं भांडवल

नमस्कार, श्रोतेहो.

आज संध्याकाळी दादरला किंवा बोरिवलीला आपण जी मेथीची जुडी घ्याल, ती महिन्याभरापूर्वी पेरलेली असते. बी, खत, पाण्याचा पाइप, शेवटी टेम्पोचं भाडं, सगळा खर्च आधी होतो आणि पैसा सगळ्यात शेवटी हातात येतो. तो महिना निभावायला पालघर किंवा रायगडमधल्या बाईला पाच-दहा हजार रुपये पुरतात. पण द्यायचे कुणी?

पीककर्जाला सातबारा लागतो आणि त्यावर नाव बहुधा नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं. खुरपणी, तोडणी, जुड्या बांधणं, बाजार हे सगळं तिच्याकडे. मग उरते उसनवारी. सकाळी हजार उचलून रात्री अकराशे फेडायचे, असं महिनाभर चाललं तर तीन हजार नुसते व्याजात जातात, आणि मुद्दल पुन्हा रोज उचलावंच लागतं.

बचत गटाने ही कोंडी फोडली. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने 1992 साली 500 गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, कर्ज तारणाशिवाय. एकमेकींना ओळखणाऱ्या दहा-पंधरा जणींचा शब्द, हीच हमी. आपल्याकडे माविम, म्हणजे राज्याचं महिला आर्थिक विकास महामंडळ, आणि पुढे ग्रामीण उपजीविकेसाठीच्या उमेद अभियानाने असे गट गावोगाव उभे केले. गटात महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज घेतलं, तरी दहा हजारांवर पहिल्या महिन्याला दोनशेच होतात, आणि तेही गटाच्याच पेटीत राहतात.

मला मात्र व्याजापेक्षा हप्ता मोलाचा वाटतो. मेथी महिन्यात निघते. वांगी, दुधी यांना दोन महिने तरी लागतात. दुसऱ्याच आठवड्यात हप्ता मागितला, तर ती बाई तो फेडायला दुसरं कर्ज काढणार. गटातल्या बायका स्वतः मातीत राबतात, त्यांना हे सांगावं लागत नाही. पहिल्या तोडणीनंतर हप्ता सुरू करायचा, हे त्या बैठकीतच ठरवू शकतात. बँकांनीही हप्ते असेच बांधून द्यावेत, असं मला कळकळीने वाटतं.

आता विक्रीचं. 2016 पासून फळं-भाजीपाला राज्यात नियमनमुक्त आहे. शेतकऱ्याला बाजार समितीच्या आवाराबाहेरही थेट विकता येतो. अडचण आहे ती मुंबईत बसायच्या जागेची. तेव्हा आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढा विषय जरूर मांडा: आठवड्यातून एक सकाळ, फाटकाच्या आत, एका गटाला चार टोपल्यांपुरती जागा आणि प्यायचं पाणी.