जांभ्यातला डबा आणि वहीतली ओळ

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

मे महिना अर्धा सरला आहे. आणखी तीनेक आठवड्यांत पाऊस गोव्यात पोचेल आणि ज्यांनी आपल्या डोंगरांवर, तळ्यांकाठी किंवा जुन्या पायवाटांच्या वळणांवर डबे लपवून ठेवले आहेत, त्यांच्या कामाची खरी परीक्षा तेव्हा सुरू होईल. म्हणूनच जिओकॅशिंग या छंदावर बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा हा छंद किती मौजेचा आहे हे सांगण्यापेक्षा तो नीट कसा करावा यावर बोलावे, असे मी ठरवले.

ज्यांनी हा शब्द आज प्रथमच ऐकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण एखाद्या जागी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देतो. दुसरा कोणी फोन किंवा जीपीएस यंत्र घेऊन तिथे जातो, डबा शोधतो, आतल्या वहीत आपले नाव व तारीख लिहितो, डबा होता तसा परत ठेवतो आणि घरी आल्यावर संकेतस्थळावर आपला अनुभव नोंदवतो. या डब्याला मूळ शब्द ‘कॅश’ असा आहे. मराठीत तो कानावर पडला की रोख रक्कमच आठवते, त्यामुळे मी आज डबा असेच म्हणणार आहे.

१ मे २००० रोजी अमेरिकेच्या सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकण्याची घोषणा केली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्राला शंभर मीटरपर्यंतचा फरक दाखवण्याची मुभा होती. तो एका रात्रीत वीसेक मीटरच्या आत आला. ३ मे रोजी ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर यांनी एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. बादलीतले काही घ्या, काही ठेवा आणि सगळे वहीत लिहा, एवढाच त्यांचा नियम होता. ती बादली अर्धवट पुरलेली होती आणि तिच्यात इतर वस्तूंबरोबर घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाही होता. आज जमीन खणून डबा पुरता येत नाही आणि त्यात खाण्याची वस्तूही ठेवता येत नाही. म्हणजे पहिला डबा आजच्या नियमांत बसला नसता. हे नियम कोणी खोलीत बसून आधी रचलेले नाहीत. लोकांच्या हातून चुका झाल्या, जमिनीचे मालक रागावले, जनावरांनी डबे फोडले, तेव्हा ते एकेक करून आले. वहीत लिहा ही सूचना मात्र पहिल्या दिवसापासून तशीच टिकून आहे.

आता लपवण्याकडे वळतो. लपवणाऱ्याने आकडे किती काळजीने घ्यावेत हे समजण्यासाठी एक हिशेब ध्यानात ठेवावा. या छंदात अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटे अशा रूपात लिहितात आणि मिनिटाचे तीन दशांश देतात. अक्षांशातला तिसरा दशांश म्हणजे जमिनीवर साधारण १.८५ मीटर. पणजीच्या आसपास १५ अंश ३०.५०० मिनिटे हा आकडा कोणी १५ अंश ३० मिनिटे ५० सेकंद असा वाचला, तर तो सहाशे मीटरांहून अधिक दूर, एखाद्या भलत्याच वाड्यावर जाऊन उभा राहील. दाट झाडीत आणि डोंगराच्या कड्याखाली यंत्र स्वतःही पाच-दहा मीटर चुकते. म्हणून एकदाच आकडा टिपून निघून येऊ नये. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा जाऊन आकडे घ्यावेत आणि त्यांची सरासरी द्यावी. याचा कंटाळा करणाऱ्याने डबा लपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्याच्या चुकीची किंमत तो स्वतः मोजत नाही, त्या जागेला ती मोजावी लागते.

ही किंमत कशी असते ते मी स्वतः पाहिले आहे. सुरुवातीच्या काळात फोंड्याच्या पुढे एका गावात मी फिल्म रोलची रिकामी डबी एका गडग्यात लपवली होती. गडगा म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. जांभ्याचे ओबडधोबड दगड चिखल किंवा चुना न लावता एकमेकांवर बसवलेले असतात आणि दगडाच्या भारानेच दगड उभा राहतो. गडगा रस्त्याच्या कडेचा, म्हणजे रस्त्याचाच असेल, असे मी गृहीत धरले आणि कोणालाही विचारले नाही. आकडा एकदाच घेतला होता, तो आठ मीटरांनी चुकला होता आणि इशारा म्हणून, म्हणजे शोधणाऱ्याला मदतीची खूण म्हणून, ‘दगडांच्या मध्ये’ एवढेच लिहिले होते. मग आलेल्या प्रत्येकाने सोळा-सतरा मीटर लांबीतला प्रत्येक दगड हलवून पाहिला. काढलेला दगड त्यांनी परत ठेवलाही, पण ठेवणे वेगळे आणि बसवणे वेगळे. पुढच्या आषाढात त्या गडग्याला पोट आले, एका रात्री तो ढासळला आणि गुरे कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, शिरली. मालक वयस्कर होते. ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, “भाई, डबी तुमची, ती घेऊन जा. पण हा गडगा माझ्या आजोबांनी घातलेला.” पाऊस उघडल्यावर मी दोन दिवस त्यांच्या हाताखाली दगड उचलून दिले. प्रत्येक दगड किंचित आतल्या बाजूला कललेला असावा लागतो आणि फट राहिली तर तिथे योग्य मापाची कपची ठोकावी लागते, हे मला तेव्हा कळले. त्यानंतर मी कोणत्याही बांधकामात डबा ठेवलेला नाही. दगडांच्या भिंतीत, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, लाकडात किंवा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधात कोणीही ठेवू नये, अशी माझी विनंती आहे. बांध एका जागी उकरला गेला तर खारे पाणी सगळ्या शेतात जाते.

परवानगी हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जमीन खासगी असेल तर भाटकाराला म्हणजे जमीनमालकाला किंवा कुळाला, कोमुनिदादची म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेची असेल तर तिच्या समितीला विचारायला हवे. संरक्षित स्मारकांना १९५८चा कायदा लागू आहे. जुन्या गोव्यातली चर्चे असोत वा तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळ, तिथल्या भिंतीच्या फटीत डबी खुपसणे हा छंद नव्हे. अभयारण्यात १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय शिरताच येत नाही, मग तिथे इतरांना बोलावण्याचा प्रश्नच उरत नाही. विमानतळ, नौदलाची जागा, रेल्वेचे रूळ आणि पूल यांच्या जवळ ठेवलेला अनोळखी डबा म्हणजे बेवारशी वस्तू. पोलिसांना ती गांभीर्यानेच घ्यावी लागते, आणि ते योग्यही आहे. डबा पारदर्शक असावा आणि त्यावर तो काय आहे हे मराठी, कोंकणी व इंग्रजीत ठळकपणे लिहावे, म्हणजे खेळाची माहिती नसलेल्या माणसाच्या हाती तो लागला तरी भीती पसरत नाही.

देवराईबद्दल कायद्यापलीकडे जाऊन बोलायला हवे. सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या रायीसारख्या जागी गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला नेम आहे. कित्येक रायींत माणसे चपला बाहेर काढून जातात आणि वाळलेले पानही घरी नेत नाहीत. तिथल्या दलदलीत रानजायफळाची झाडे आपली मुळे गुडघ्यासारखी वर काढून श्वास घेतात. वीस माणसांनी डबा शोधत ती मुळे तुडवली तर रायीच्या राखणदार देवाला काय वाटेल हे मी सांगू शकत नाही, पण झाडाला काय होईल हे सांगू शकतो.

तर मग अशा जागा कोणाला दाखवायच्याच नाहीत का? दाखवायच्या, पण डब्याशिवाय. २००४पासून या खेळात ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार आहे. त्यात डबा नसतो. भूगर्भाशी संबंधित एखादी जागा असते आणि तिथे उभे राहून नीट पाहिल्याशिवाय ज्यांची उत्तरे देता येणार नाहीत असे प्रश्न असतात. गोव्यासाठी हा प्रकार जणू घडवलेलाच आहे. चिऱ्याच्या खाणीत ताजा कापलेला जांभा आणि वर्षानुवर्षे हवा लागलेला जांभा यांवर नख ओढून पाहा, कोणता मऊ लागतो आणि रंगात काय फरक आहे ते लिहा, असा प्रश्न असला की येणारा माणूस हाताने दगड वाचतो. कुशावती नदीच्या काठी पणसायमळ येथे जांभ्यात कोरलेली चित्रे १९९०च्या दशकात अभ्यासकांच्या नजरेस आली. बैल, हरिणे आणि ते वर्तुळाकार चक्रव्यूह पाहायला बोलवायचे असेल तर कोरीव कामावर पाय न ठेवता काठावरून मोजता येईल असे काही विचारावे. तिथे प्लास्टिकची डबी कशाला?

जिथे डबा योग्य आहे, तिथे तो चांगला असावा. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवे असा नियम आहे. तो नसता तर माणसे प्रत्येक विजेच्या खांबाला एकेक डबी चिकटवून मोकळी झाली असती. पण नियमात बसणारा प्रत्येक डबा चांगला नसतो. चांगल्या डब्याची माझी कसोटी एकच आहे: डबा काढून टाकला, तरी त्या जागी माणसाला नेण्यासारखे काही उरते का? दिवाडीची फेरीबोट पकडून, बेटावरच्या टेकडीवर चढून, मांडवीचे दोन फाटे एका नजरेत दिसतात अशा ठिकाणी डबा असेल, तर तो सापडला नाही तरी सकाळ वाया जात नाही.

पावसाचे म्हणाल, तर इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नुसत्या झाकणाचा डबा त्यापुढे टिकत नाही. चारही बाजूंनी कड्या आणि आत रबरी पट्टी असलेला डबा घ्यावा. ती पट्टी दर भेटीत बाहेर काढून पुसावी, कारण वाळूचा एक कण तिच्याखाली राहिला तरी पाणी वाट काढते. वही प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीत शाईसारखी न पसरणारी पेन्सिल आणि ओल शोषणारी सिलिका जेलची एखादी पुडी. वासाची कोणतीही वस्तू नको. माकडे आणि मुंग्या दोघांनाही ती माणसाआधी सापडते. आणि बिळासारख्या खोल फटीत कधीही लपवू नये, कारण फुरसे आणि घोणस आपल्या आधीपासून तिथे राहतात आणि शोधणारा माणूस तिथे उघडा हात घालणार असतो.

आता नोंदीकडे येतो. लपवणारा आणि शोधणारा एकमेकांना बहुधा कधीच भेटत नाहीत. लपवणाऱ्याला आपल्या डब्याचे आज काय झाले आहे हे कळण्याचा नोंदीखेरीज दुसरा मार्ग नसतो. ‘सापडला, धन्यवाद’ एवढी नोंद वाचून त्याला वही भिजली आहे का, कडी तुटली आहे का, वाट मोकळी आहे का, यातले काहीच कळत नाही. मी लांबलचक नोंदींचा आग्रह धरत नाही. ज्या डब्याने काही दाखवले नाही त्याच्याबद्दल कोणी पानभर काय लिहावे? पण दोन वाक्ये तरी खरी आणि उपयोगाची असावीत, आणि डबा नेमका कुठे आहे हे त्यांतून फुटू नये. लपण्याच्या जागेचा फोटो टाकणे म्हणजे पुढच्याची सकाळ हिरावून घेणे आहे.

मला आजवर मिळालेली सर्वांत मोलाची नोंद डबा न सापडल्याची होती. ओहोळाच्या काठी ठेवलेल्या एका डब्याबद्दल गेल्या श्रावणात कोणीतरी लिहिले होते: “पाऊण तास शोधले, सापडला नाही. इशाऱ्यातला कुंभ्याचा बुंधा आहे, पण त्याच्या डाव्या हाताचा मोठा दगड आता नाही. ओहोळ पूर्वीपेक्षा दोन हात अलीकडून वाहतो आहे. माती ताजी आहे, कृपया पावसात कोणी खाली उतरू नये.” त्या माणसाला खेळात एकही गुण मिळाला नाही, उलट न सापडल्याची खूण त्याच्या नावापुढे लागली. पण त्याने लिहिले म्हणून मी त्याच दिवशी डबा संकेतस्थळावर तात्पुरता बंद केला आणि पुढचे कोणी त्या निसरड्यावर गेले नाही. याच ठिकाणी दुसरा कोणी आपल्या खिशातली नवी डबी तिथे टाकून ‘सापडला’ असे लिहून मोकळा झाला असता. ही पद्धत पुष्कळ जण मदत म्हणून करतात आणि मला ती अजिबात मान्य नाही. त्यामुळे एका जागी दोन डबे होतात, मूळ डब्याचा कचरा होतो आणि लपवणाऱ्याला सगळे ठीक आहे असे खोटे कळते. सापडला नाही तर सापडला नाही असेच लिहावे. वहीत सही नसेल तर सापडल्याची नोंद करू नये. आणि घरबसल्या दुसऱ्याची उत्तरे उतरवून अर्थकॅशची नोंद करणाऱ्यांबद्दल मी अधिक काही बोलत नाही.

लपवणाऱ्यानेही नोंदी वाचल्या पाहिजेत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. सलग तिघांना डबा सापडला नाही, तर चौथ्याची वाट न पाहता स्वतः जाऊन पाहावे. सुट्टीत आलेल्या पाहुण्याने इथे डबा ठेवून परत जाऊ नये, हा नियम यासाठीच आहे. देखभाल करणारा माणूस जवळ राहणारा हवा. डबा काही आठवड्यांहून अधिक काळ बंद ठेवायचा असेल तर कारण पानावर लिहावे आणि पावसाचे चार महिने हे गोव्यात पुरेसे कारण आहे.

त्या ओहोळाकाठचा डबा मला पुढे चार हात खाली, मुळांत अडकलेला सापडला. आतली वही लगद्यासारखी झाली होती, पण पेन्सिलीने लिहिलेली तीन नावे वाचता येत होती. तो डबा दुरुस्त करून मी जरा वर ठेवला होता, पण ती जागाही मला आता पुरेशी पक्की वाटत नाही. येत्या रविवारी सकाळी मी तो उचलून आणणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला सांगावे. कोयता आणू नये, वाट मोकळी करायची नाही. कचरा गोळा करायला एक रिकामे पोते आणि हातमोजे मात्र जरूर आणावेत, कारण त्या ओहोळात वरच्या रस्त्यावरून टाकलेल्या बाटल्या डब्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.