बंबाची पट्टी आणि आर्गनचा आर्क

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत. दारात उभे राहू नका, वारा अडतो, वेल्डिंगला वारा नको असतो पण व्याख्यानाला लागतो. (हशा) अध्यक्षांनी मला पाऊण तास दिलाय आणि पत्रिकेत विषय छापलाय 'टिग वेल्डिंगमध्ये आर्क सुरू करण्याच्या पद्धती', म्हणजे घासून ते स्क्रॅच, टेकवून उचलायचं ते लिफ्ट आणि न टेकवता हाय फ्रिक्वेन्सीच्या ठिणगीने ते एचएफ, तिन्ही सांगायच्या आहेत. टिग म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकातून आर्क, म्हणजे विजेची सलग ज्योत, आणि भोवती आर्गन गॅसचं पांघरूण, हे इथे सांगायला नको, समोर निम्मे आयटीआयचे आणि निम्मे शेडवाले. आपण त्याला आर्गनच म्हणतो, 'जरा आर्गन मारून द्या' म्हणत गिऱ्हाईक येतं, टिग म्हणत कोणी येत नाही. गंमत अशी की सुरुवातीला त्यात आर्गन नव्हताच. अमेरिकेत नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ म्हणून माणूस होता, त्याला मॅग्नेशियम जोडायचं होतं, त्याने टंगस्टनच्या भोवती हीलियम सोडला, 1942 साली पेटंट मिळालं आणि तिकडे नाव पडलं हेलिआर्क. म्हणजे त्यांनीही गॅसवरूनच बारसं केलं आणि आपणही.

आता मुद्द्याचं बोलतो, नाहीतर राहून जाईल, माझं नेहमी राहतं. माझं म्हणणं असं की आर्गनचा जॉइंट बिघडायचा असला तर बहुतेक वेळा पहिल्या सेकंदातच बिघडतो. पुढचं हात बसला की जमतं, वायर घालणं, पायाचं पेडल सांभाळणं, सगळं. पण आर्क लागताना टंगस्टन आणि जॉबची, म्हणजे जोडायच्या तुकड्याची, जी काय भेट होते ना, तिथे घोळ होतो. आणि आपण काय करतो, नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी एचएफच्या मशीनवर उभा करतो, बटण दाबलं की चर्रर्र, आर्क हजर. त्याला टंगस्टन टेकलं की काय होतं हे कळतच नाही, आणि ज्या दिवशी एचएफ मरतं त्या दिवशी तो पोरगा पण मरतो. म्हणजे कामातून हो. (हशा)

माझं स्वतःचं सांगतो. 22 जुलै 2021. तारीख सांगितली की चिपळूणच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. माझ्या शेडमध्ये पाणी किती होतं ते सांगत बसत नाही, इथे प्रत्येकाचा आपापला आकडा आहे आणि तो दर पावसाळ्यात अर्ध्या फुटाने वाढतो. माझं जुनं ट्रान्सफॉर्मरचं आर्गन मशीन, दोन माणसांना हलत नाही असलं धूड, ते जागच्या जागी बुडालं. नंतर पत्रे काढले, आतून वाशिष्ठीचा चिखल निघाला, गोड्या पाण्याने धुतलं आणि वाळवायला ठेवलं. आता जुलै-ऑगस्टमध्ये चिपळुणात वाळवणार काय, आमच्या घरी चड्डी वाळत नाही. (हशा) शेवटी हॅलोजनचे दोन दिवे लावून आठवडाभर शेकलं, बायको म्हणाली कोंबडीची पिल्लं काढताय का. चालू केलं तर पॉवर आली, गॅस आला, पंखा फिरला, पण एचएफ बंद. एचएफमध्ये हजारो व्होल्टचा खेळ असतो, कुठे जराशी ओल राहिली तरी तो करंट टोकापर्यंत यायच्या आधी आतल्या आत वाट काढतो.

आणि नेमकं तेव्हाच काम आलं. लोट्याला एक कंपनी, नाव नको, 316 एल स्टेनलेसच्या पाइपलाइनचे काही जॉइंट, एक्स-रे काढून तपासायचे, आणि गणपतीच्या आधी पाहिजेत. गणपती त्या वर्षी 10 सप्टेंबरला, म्हणजे आमच्या हिशेबाने 5 तारखेला संपवायला पाहिजे, कारण त्यानंतर हेल्पर सापडत नाही, फिटर सापडत नाही, जे मुंबईहून येतात ते पण घरात गेले की सापडत नाहीत. मी हो म्हटलं. पुरात बुडालेला माणूस कशालाही हो म्हणतो.

एचएफ नाही मग काय, भावाकडचं साधं रॉडचं इन्व्हर्टर मशीन आणलं, त्याला वॉल्व्हचा टॉर्च, म्हणजे टंगस्टन आणि गॅसची हातात धरायची मूठ, लावला, टॉर्च निगेटिव्हला, अर्थ म्हणजे जॉबला लावायची केबल पॉझिटिव्हला, गॅस हाताने उघडायचा, आणि स्क्रॅच. आगपेटीची काडी ओढतो तसं टंगस्टन जॉबवर घासायचं आणि लगेच उचलायचं. मी म्हटलं आपण वीस वर्षं आर्गन मारतोय, स्क्रॅच म्हणजे काय मोठं. मारले जॉइंट. वरून दिसायला एक नंबर, खवले असे की कोकणी माणसाने बघून म्हणावं सुरमई की काय, म्हणजे सुरमईला खवले दिसत नाहीत हे मला माहितीय, मागून कोणीतरी बोललंच. (हशा)

एक्स-रे आला. दोन जॉइंटवर साहेबाने लाल पेनाने गोल केलेले. फिल्मवर पांढरे ठिपके, तांदळाच्या कणीएवढे. आता हे पोरांनी नीट ऐका. हवेचा बुडबुडा फिल्मवर काळा दिसतो कारण तिथे धातूच नाही, एक्स-रे आरपार जातात. टंगस्टन स्टीलपेक्षा कितीतरी जड आणि दाट, तो एक्स-रे अडवतो, म्हणून पांढरा. म्हणजे काय झालं होतं, घासताना टंगस्टन क्षणभर चिकटलं, मी हिसका दिला, टोक तुटून आत राहिलं, आणि त्याच्यावरून मी वेल्डची सुंदर रेघ, बीड, फिरवली. टंगस्टन वितळायला 3,400 डिग्रीच्या वर तापमान लागतं, स्टील 1,400-1,500 लाच पाणी होतं, मग ते टोक कुठे जाणार, पायसात खडा राहावा तसं राहिलं. साहेब म्हणाले, "हे काय, जॉइंटमध्ये चांदण्या?" दोन्ही कापून परत. पाइप माझा, वायर माझी, गॅस माझा, डिझेल माझं. त्या दोन ठिपक्यांचे किती पैसे गेले ते बायको मागच्या रांगेत बसलीय म्हणून सांगत नाही.

त्या रात्री मी आमच्या वस्तादांकडे गेलो. ते आखातात शिपयार्डात बरीच वर्षं होते, आता आंब्याची कलमं करतात, वेल्डिंगबद्दल विचारलं की आधी कलमाबद्दल बोलतात. पाऊण तास मला कलम बांधायला शिकवलं, मी मान हलवतोय. मग म्हणाले, "अरे, तू घासतोस कशावर?" म्हटलं, "जॉबवर." "जॉबवर? जॉब काय आगपेटी आहे?" आणि आतून एक पट्टी आणून दिली, तांब्याची, त्यांच्या जुन्या आंघोळीच्या बंबाची कापलेली. हीच ती, बघा, हातोहात फिरवा पण परत पाहिजे.

तांब्यावर का, तर तांबं उष्णता झटकन ओढून घेतं, त्यामुळे टंगस्टन टेकलं तरी त्या जागी लगेच वितळत नाही आणि चिकटत नाही. पट्टी जॉइंटच्या खोबणीला लागून ठेवायची, अर्थ तिला मिळाला पाहिजे, पट्टीवर आर्क मारायचा, टोक लाल झालं की आर्क तसाच सरकवत खोबणीत न्यायचा. आणि तुटला तरी बिघडत नाही, कारण तापलेलं टंगस्टन इलेक्ट्रॉन सहज सोडतं, दुसऱ्यांदा नुसतं जवळ नेऊन स्पर्श केला तरी लागतो. थंड टंगस्टन म्हणजे सकाळी सहाला उठवलेला चाकरमानी. (हशा) पण एक सांभाळा, पट्टीवर रेंगाळू नका. तांबं वितळून स्टेनलेसवर लागलं तर ते गरम स्टेनलेसच्या कणांमधल्या सांध्यात शिरतं आणि चिरा पाडतं. एक दोष काढायला जाल आणि त्याहून वाईट घालाल. आणि पाइपच्या अंगावर, खोबणीच्या बाहेर, कुठेही ठिणगी मारायची नाही. तो डाग छोटा दिसतो पण इन्स्पेक्टर तोच पकडतो, आणि बरोबर पकडतो, तिथे धातू एकदम तापून एकदम थंड झालेला असतो, कार्बन स्टीलला तर तिथे कडक ठिपका होतो.

वस्तादांनी दुसरी गोष्ट दाखवली ती हाताची. काडीसारखं ओढायचंच नाही. नोझल, म्हणजे टंगस्टनभोवतीची गॅसची टोपी, तिची कड जॉबवर टेकवायची, टॉर्च आडवा, टंगस्टन हवेत. मग मनगट हळूच फिरवून टोक खाली आणायचं, टेकलं की लगेच उलट फिरवायचं. हात हवेत तरंगत नाही, नोझलवर टेकलेला असतो, म्हणून टंगस्टन खुपसलं जात नाही. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस, आणि मी वस्तादांच्या पडवीत मशीन बंद ठेवून शे-दोनशे वेळा मनगट फिरवत बसलो. पाऊस चालू, शेजारी जाखडी नाचाची तालीम चालू, शक्तीवाल्यांचा फड तुरेवाल्यांच्या फडाला सवाल टाकतोय.

जाखडीवरून आठवलं, एचएफचा किस्सा राहिला असता. पुढे माझं मशीन दुरुस्त झालं, आणि संध्याकाळी मी बटण दाबलं की तालमीच्या स्पीकरमधून खर्रर्र. एचएफ म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच असतं. तुरेवाल्यांना वाटायचं हे शक्तीवाल्यांचं काम. दोन दिवस भांडण चाललं, मी गप्प. (हशा) हसण्यासारखं आहे पण ह्याचमुळे एचएफच्या जवळ कॉम्प्युटर, सीसीटीव्हीचा डबा ठेवू नका, आणि कोणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्याला शेडमध्ये घेऊच नका, तिथे मस्करी नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. किती राहिलेत? सात मिनिटं? आणि अजून लिफ्ट आणि एचएफ दोन्ही बाकी. बरं, भराभर सांगतो, लिहून घ्या.

लिफ्ट म्हणजे स्क्रॅचचंच शहाणं भावंड. टंगस्टन टेकवायचं, बटण दाबायचं, मशीन फक्त थोडेसे अँपिअर सोडतं, त्यामुळे चिकटून तुटत नाही. मग उचललं की मशीनला व्होल्टेज वाढलेलं कळतं आणि तेव्हा ते पूर्ण करंट देतं. आपली पोरं चूक काय करतात, लिफ्टच्या मशीनवर पण काडी ओढतात. ओढायचं नाही, टेकवून थांबायचं आणि सरळ उचलायचं, दोन-तीन मिलिमीटर, टुणकन वर नाही, नाहीतर विझतो. इथे पण मघाशी सांगितलेली नोझलची टेक वापरा. जिथे एचएफ चालणार नाही, हॉस्पिटलचं काम, कंट्रोल पॅनलच्या शेजारचं काम, तिथे हेच.

एचएफला टेकवायचंच नाही. दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा, गॅस आधी येऊ द्या, बटण. ॲल्युमिनियमला हेच पाहिजे, कारण तिथे एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारा करंट असतो, आपल्या 50 सायकलच्या लायनीवर करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि प्रत्येक वेळी आर्क विझायला बघतो. जुनी मशीनं म्हणून एचएफ सतत चालू ठेवायची, नवीन इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचे, शून्यातून इतक्या झटक्यात जातात की बहुतेकांना फक्त सुरुवातीला एचएफ लागतं. ओले हातमोजे घालून एचएफ वापरलात तर चुणचुण बसेल, पावसाळ्यात कोरडी जोडी वेगळी ठेवा.

आणि एचएफ लागत नाही म्हणून मशीन उघडायच्या आधी, हे महत्त्वाचं आहे, हेच खरं तर आधी सांगायला पाहिजे होतं, अर्थच्या केबलचा चिमटा बघा. आपल्याकडे खारी हवा, चिमट्याच्या दातात गंज, जॉबवर रंग, करंटने यायचं कुठून. मला एका दुरुस्तीवाल्याने मशीनमधली पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पाटी, बदलायला सांगितली होती, किंमत ऐकून मी चहा टाकला, चहा उकळेपर्यंत चिमटा पॉलिश पेपरने घासला, चर्रर्र. दुसरं टंगस्टन. टोक लांबीच्या दिशेने घासा, गोल फिरवून आडवे ओरखडे पाडले की आर्क भरकटतो. टोकाची लांबी जाडीच्या दोन-अडीच पट, म्हणजे 2.4 मिलिमीटरच्या रॉडला पाच-सहा मिलिमीटर. चाक वेगळं ठेवा, त्यावर दुसरं काही घासू नका. लाल टोकाच्या रॉडमध्ये थोरियम असतं, ते किरणोत्सारी आहे, त्याची धूळ नाकात घेऊ नका, राखाडी किंवा सोनेरी टोकाचा घ्या, आर्क तेवढाच छान लागतो. तिसरं, आर्क बंद केल्यावर टॉर्च उचलू नका, गॅस वाहू द्या, दहा अँपिअरला एक सेकंद असा ढोबळ हिशेब, शंभरला दहा सेकंद. गॅस वाचवायला लवकर उचललात की टोक निळं-काळं पडतं आणि पुढच्या वेळी लागत नाही, मग तुम्ही म्हणता मशीन खराब.

वॉल्व्हच्या टॉर्चला आर्क तोडायचा कसा ते राहिलं. झटक्यात वर ओढलात तर गॅस पण जातो आणि खड्ड्यात भोक पडतं, खोबणीच्या कडेवर नेऊन बाजूला तोडा आणि टॉर्च पुन्हा त्याच जागेवर आणून धरा, वॉल्व्ह उघडाच. हो, हो, संपवतो. बाहेर अंगणात मशीन लावलंय, ज्यांना मनगट फिरवून बघायचंय त्यांनी या, चपलावाल्यांनी लांबून बघा. आणि ती पट्टी कोणाकडे राहिली? तांब्याचा भाव काय झालाय माहितीय मला, दारातून जायच्या आधी परत करा.