लाल रेघेतलं सोनं

नमस्कार मंडळी. रोवणीतून दमून आला असाल, तर बाजेवर टेका आणि ऐका.

धानोरा तालुक्यातल्या एका गावात मी मास्तर होतो. पावसाळ्यात आशाताईंसोबत एका तापलेल्या बाबाजींच्या घरी गेलो. ताईंनी बोट टोचलं, रक्ताचा थेंब हिवतापाच्या पट्टीवर टाकला, वरून औषधाचे थेंब सोडले. आता वीस मिनिटं थांबायचं. वेळ जावा म्हणून मी म्हटलं, "बाबाजी, आत्ता जी लाल रेघ उमटेल ना, ती सोन्याची."

चुकलंच माझं. बाबाजी ताप विसरून उठून बसले. "अवो, इकडे ये, गुरुजी सोनं दाखवून रायले!"

आजीनं गळ्यातलं डोरलं पट्टीजवळ धरलं. "सोनं पिवळं रायते, गुरुजी. हे तं कुंकू हाये."

तेवढ्यात दुसरी रेघही उमटली. पहिली रेघ पट्टी नीट चालल्याची, दुसरी म्हणजे हिवताप. बाबाजींचा चेहरा मात्र खुलला, "दोन रेघा! डबल!" ताईंनी गोळ्या दिल्या, पण पट्टी काही ते सोडेनात. "सरकारनं देल्लं, अन् तूच परत नेतं?"

सोन्याचं वेडच तसं. लग्नातल्या दोन तोळ्यांसाठी वावर गहाण टाकणारे पाहिले की माझं डोकं फिरतं. असो.

आजीचंही खरं होतं, सोनं पिवळंच. पण सोन्याचा कण साधारण 40 नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा पंचवीस हजारावा भाग केला, की त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशात एकसाथ झुलतात, हिरवा रंग गिळतात आणि आपल्याला लाल दिसतं. अशा कणांना प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. हिवतापाच्या जंतूचं प्रथिन रक्तात असलं की ती त्याला धरतात आणि दुसऱ्या रेघेवर अडकतात. पुन्हा सांगतो: प्रथिन अडकलं तर सोनं अडकतं, सोनं अडकलं तर रेघ दिसते.

प्रयोगशाळेत हेच सोनं काचेवर 50 नॅनोमीटरचा थर देऊन वापरतात. एका ठरावीक कोनात आलेला प्रकाश तो थर गिळतो. द्रावणातलं प्रथिन चिकटलं की तो कोन जरासा सरकतो, झालं मोजमाप! स्वीडनमधल्या लिंशोपिंगच्या शास्त्रज्ञांनी 1983 मध्ये हे करून दाखवलं.

पंधरा दिवसांनी बाबाजी ठणठणीत होऊन पुन्हा आले. "पट्टी लावा." ताई म्हणाल्या, "ताप उतरला तरी ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहते बाबाजी, रेघ उगीचच येईल."

बाबाजींनी बोट पुढे केलं. "येऊ द्या ना मंग!"